डॉयलचे कान

ओकच्या बुंध्याला पाठ टेकून डॉयलने दगडी पाटी मांडीवर घेतली, तिच्यावर काडी घासली आणि नराला भुलवायला टर्कीच्या मादीची हाक काढली. निदान त्याला तरी तसं वाटलं. त्याच्या खांद्यामागे बसलेल्या बायकोला, इमोजीनला, गंजलेलं फाटक करकरल्यासारखं ऐकू आलं.

एके काळी म्हणे याच डॉयलच्या हाकेवर ताटात भाजून ठेवलेला टर्कीसुद्धा उठून बसायचा. ओझार्कच्या डोंगरात अजून शपथेवर सांगतात. पण आता कान गेले, आणि कानांमागोमाग हातातला सूरही. तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती. पक्षी तेवढे मुकाट दुसरीकडे निघून जात. आज शिकारीच्या हंगामाचा शेवटचा दिवस. हात हलवत परतलो तर पाटी ओढ्यात फेकणार, असं त्याने घरून निघतानाच जाहीर केलं होतं. तेव्हा इमोजीननेच बूट चढवले. म्हणाली, तुझे कान म्हणून मी येते.

खाली फुललेल्या डॉगवुडच्या झाडीतून नराची आरोळी उठली. इमोजीनने डॉयलचं कोपर दाबून दिशा दाखवली. त्याने पुन्हा काडी घासली. नर गप्प झाला.

लग्न झाल्यापासून दर वसंतात डॉयल स्वयंपाकघरात रियाज करायचा आणि बटाटे सोलता सोलता ती वैतागायची. आता तिने तळहात तोंडाशी धरला आणि घशातून हाक काढली. तरुण डॉयलची हाक. त्याची मान जराही वळली नाही.

नर झाडीबाहेर आला, पिसारा फुलवून. तिने दुसरी हाक घातली. तो थबकला, मग पुन्हा चालू लागला. डॉयलची बंदूक वाजली.

"पाटीवरचा हात शाबूत आहे की रे तुझा, म्हाताऱ्या," ती त्याच्या कानाशी ओरडली.

डॉयल उठला. गुडघे सावरत पक्ष्यापाशी गेला, त्याच्या छातीवर हात ठेवून थोडा बसला. मग शेपटीतलं एक लांब पीस उपटून आणलं आणि इमोजीनच्या टोपीत खोचलं. त्या डोंगरात पहिलं पीस नेम धरणाऱ्याचं नसतं, हाक घालणाऱ्याचं असतं.

इमोजीनचे गाल तापले.

"सगळा वेळ तुझ्याकडेच बघत होता तो. माझ्याकडे ढुंकूनसुद्धा नाही," डॉयल टोपी नीट करत म्हणाला. "पण दुसरी हाक जरा घाईत घातलीस गं. तो थबकला ना, तेव्हाच कळलं मला."