नऊचे सात

नत्थुजी अकोल्याच्या केबल चॅनेलवर नाचाचे परीक्षक. वीस वर्षं नाच पाहून इतके थकलेले, की घरचा पंखा फिरला तरी त्याला दहापैकी सहा द्यायचे. यंदा नात आचलही फायनलला होती. वशिल्याची बोंब नको म्हणून चॅनेलवाल्यांनी सगळ्या पोरींना मुखवटे घातले. तरी तिसरीची गिरकी नत्थुजींनी ओळखलीच. नातीला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये, म्हणून त्यांनी नऊचे सात केले. पोरगी एका गुणाने हरली.

घरी येऊन ते पडेल आवाजात म्हणाले, "आचल, तुह्यावर अन्याय केला मी. माफ कर आबाले."

आचल खाटेवर पाय शेकत बसली होती.



"मले कावून म्हणता, आबा? तुमी निघाले अन् माहा पाय मुरगळला. मी तिथं आलीच कुठं?"