नऊ सेकंदांचा नियम

“तिसऱ्यांदा नोंद भरली मॅडम, आणि तिसऱ्यांदा गायब! तुमची सिस्टीम माणसं गिळते की काय?”

फोनवर कुठल्याशा निवारा केंद्राचा माणूस होता. सकाळपासूनची ही सोळावी तक्रार. डॉक्टरणीने माफी मागितली, संध्याकाळी पुन्हा भरून बघा म्हणाली आणि फोन ठेवला.

ती काही खरीखुरी डॉक्टरीण नव्हे. आजारी डेटाबेस बरे करणं हे तिचं काम, म्हणून ऑफिसने ठेवलेलं नाव. हा पेशंट मात्र तिच्या नाकीनऊ आणत होता. हरवलेल्या माणसांसाठीची ही नोंदवही. कुठे कोणी अनोळखी माणूस सापडला की दवाखाने, निवारा केंद्रं त्याची नोंद इथे भरायची आणि घरचे लोक ती शोधायचे. सोमवारी आणखी दोनशे केंद्रं जोडली जाणार होती, आणि आजच एक नोंद आत जायला अकरा सेकंद लागत होते. कित्येक नोंदी वाटेतच अडकून पडत.

दुपारी चोर सापडला. अकरांपैकी नऊ सेकंद एकच जुना नियम खात होता. नवी नोंद आली रे आली की तो जागा व्हायचा आणि एकाच माणसाच्या खुणा घेऊन लाखो नोंदी पहिल्यापासून चाळत बसायचा. वय चौतीसच्या आसपास, डाव्या भुवईवर व्रण, उजवी करंगळी वाकडी.

तिला चटकन उमगलं. ऑफिसात कोणालाही उमगलं असतं. दादांचा धाकटा भाऊ नऊ वर्षांपूर्वी कामावरून घरी आलाच नाही. त्याच्या शोधापायीच दादांनी ही नोंदवही उभी केली होती, आणि आज तेच ऑफिसचे प्रमुख होते.

ती आलेख घेऊन त्यांच्या खोलीत गेली. दादांनी त्यावरच्या नऊ सेकंदांच्या लाल रेषेवर बोट ठेवलं.

“काढायचा म्हणतेस?”

“छे हो दादा! तसं कसं म्हणेन? नुसता वेग वाढवते.”

“नको. इतकी वर्षं चाललाय, चालू दे.”

“पण सोमवारी सगळं कोलमडेल.”

“दुसरीकडे कुठे वेळ वाचतो का बघ. त्याला मात्र हात लावू नकोस.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “घरचा मामला आहे गं. समजून घे.”

तिला भरून आलं. ऑफिसच्या यंत्रावर स्वतःचा भाऊ शोधायचा याचा या माणसाला किती संकोच! वर शब्दानेही बोलायचं नाही.

ती जागेवर आली तर शेजारच्या खुर्चीत काकू बसलेल्या. दादांची आई. रोज लेकाचा डबा घेऊन यायच्या आणि तासभर रेंगाळायच्या. प्रश्न ठरलेला.

“आज काही कळलं का गं?”

“नाही काकू.”

“कळेल. दादा म्हणतो, एकदासुद्धा खुणा जुळल्या नाहीत. जुळल्या की पहिला फोन तुलाच करीन म्हणतो.” काकू हसल्या. “फार जपतो मला, अगदी तळहाताच्या फोडासारखं. पण माझं बिऱ्हाड मूळचं धाकट्याकडे. तो आला की मी चालले परत, हे मी दादाला बजावून ठेवलंय!”

हसता हसताच त्यांनी पदराने डोळे टिपले.

तिथेच डॉक्टरणीचा निर्धार झाला. दादा चार वाजेपर्यंत मीटिंगमध्ये होते. रागावले तर रागावले. नियम काढायचा नव्हताच, उलट शोध पळवायचा होता. यात वाईट ते काय?

दुखणं साधं होतं. पुस्तकाच्या शेवटी सूची असते, तसा खुणांचा इंडेक्स कोणी केलाच नव्हता. तिने डेटाबेसच्या चाचणीच्या प्रतीवर तो बांधायला घेतला. नियमाचे दोन भाग होते. खुणा शोधायचा पहिला भाग नऊ सेकंद खायचा. खुणा जुळल्यावर काय करायचं, तो दुसरा भाग दुसरीकडे लिहिलेला होता. त्याला वेळ लागत नव्हता, म्हणून तिने तो उघडूनही पाहिला नव्हता. जे झटपट चालतं त्याकडे या धंद्यात कोणी ढुंकून बघत नाही.

तीन वाजता इंडेक्स तयार झाला. नऊ सेकंदांचं काम आता पापणी लवायच्या आत होत होतं. तिच्या जिवात जीव आला.

“काकू, एक गंमत दाखवू? खोटी नोंद भरून बघू. तुम्ही सांगा, मी लिहिते.”

काकू सरसावून बसल्या. व्रण सायकलवरून पडला तेव्हाचा. करंगळी जन्मापासूनची. उंची दादापेक्षा बोटभर जास्तच. डॉक्टरणीने सगळं भरलं आणि बटण दाबलं.

“आता इथे सूचना येईल बघा.”

दोघी पडद्याकडे बघत राहिल्या. सूचना आली नाही.

तिने नोंद शोधली. नोंद नव्हती. आपलंच काही चुकलं असेल म्हणून तिने सगळं पुन्हा भरलं. नोंद आत गेली, तिला क्रमांकही मिळाला, आणि दुसऱ्या क्षणी ती तिथे नव्हती.

तिने खुर्ची पुढे ओढली.

“अडलं का गं काही?”

“नाही काकू. थांबा हं जरा.”

तिने नियमाचा दुसरा भाग पहिल्यांदाच उघडला. त्यात एकच ओळ होती. जुळलेली नोंद पुसून टाका. खऱ्या डेटाबेसवर ती ओळ आजवर सात वेळा चालली होती, आणि त्यातल्या तीन वेळा आज सकाळच्या होत्या.