हात दाखवा

पाटीवर लिहिलं होतं, ‘हात दाखवा, गाडी थांबवा.’ पण चारचौघांत हात उंच करायला ते आयुष्यभर लाजत आले. गाडी नेहमी बायकोच थांबवायची, पदर खोचून रस्त्यात उतरून.

ती गेल्यानंतर पहिल्यांदाच ते पुस्तकांची पिशवी घेऊन वाचनालयाला निघाले होते. बस दिसताच त्यांनी हात छातीपर्यंत उचलला, बोटं जराशी हलवली.

चालकानेही हसून हात हलवला. “राम राम, काका!” बस निघून गेली.

ते तिथेच उभे राहिले. कितीतरी दिवसांत त्यांना कुणी हाक मारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हात तसाच उचलला. या वेळी बस थांबली.

“काल लक्षात आलं नाही, काका. चढा!”

त्यांनी पिशवी आणलीच नव्हती.

“जायचं नाही कुठं,” ते पुटपुटले. “नुसता राम राम घालायला आलो होतो.”