शून्य बघून घ्या

टॅक्सी पंपाशी लागली, ‘टाकी फुल्ल करा’ म्हणून ड्रायव्हर चाकांची हवा बघायला गेला आणि काका सवयीनं मागच्या खिडकीशी वाकले.

“शून्य बघून घ्या.”

बत्तीस वर्षं ते प्रत्येक गाडीला हेच सांगत आलेत. पंपावर त्यांचं नावच शून्यकाका पडलंय. घरी चहा ओततानासुद्धा म्हणतील एखाद्या दिवशी, असं त्यांची बायको सांगते.

आत तीच बसली होती. आणि तिच्या शेजारी, अगदी खिडकीशी, काळा चष्मा लावलेला त्यांचा मुलगा.

दोघं इस्पितळातून संध्याकाळच्या बसनं येणार होती. सुट्टी मिळत नाही, असं काकांनी घरी सांगितलं होतं. खरं म्हणजे त्यांनी ती मागितलीच नव्हती. चार महिन्यांत ते एकदाच मुलाला भेटायला गेले, वॉर्डाच्या दारापर्यंत पोचले आणि तिथूनच मागे फिरले. पोरगा पहिलं वाक्य काय बोलेल, याची त्यांना भीती वाटत होती.

दोन वर्षांपूर्वी समुद्रात तेलाच्या जहाजांवर हल्ले व्हायला लागले आणि पंप अकरा दिवस कोरडा पडला होता. लोक काकांच्या अंगावर धावून यायचे. तो राग त्यांनी घरी जेवताना मुलावर काढला. तेलाची जहाजं काय आपली आपण चालत येतात? त्यांना राखायला कुणी जायला नको? तू बस इथे रेघोट्या ओढत. मुलगा तेव्हा घरांचे नकाशे काढायला शिकत होता. त्यानं पेन्सिली बहिणीला देऊन टाकल्या आणि नौदलात भरती झाला. तेलाची जहाजं राखता राखता त्याच्या बोटीवर स्फोट झाला. जहाजं सुखरूप आली. त्याचे डोळे गेले.

“बघितलं, बाबा,” मुलगा म्हणाला. आवाजात चेष्टा होती, पूर्वी असायची तशीच.

काकांना हसता येईना. नोझल टाकीत घालताना चार थेंब बाहेर सांडले. एरवी त्यांच्या हातून एक थेंब इकडचा तिकडे होत नाही.

“भाव काय झालाय?” मुलानं विचारलं.

“उतरला. परवापासून.”

“बरं झालं.”

त्यात टोमणा नव्हता. असता तर काकांना सोपं गेलं असतं. बायको दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत राहिली.

चुकलं रे माझं, एवढंच काकांना म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आलेही, तेवढ्यात ड्रायव्हर हात झटकत परत आला. खांबावर भावाची फोड लावलेली होती. कच्चं तेल, जहाजाचं भाडं, तेल शुद्ध करण्याचा खर्च, कर आणि पंपाचं कमिशन. त्यानं ती मोठ्यानं वाचली आणि मान डोलावली.

“एवढंच तर लागतं, काका. उगाच दोन वर्षं रडवलं लोकांना,” तो म्हणाला. “आता उतरलाच ना भाव? कुणाच्या बापाचं काय गेलं, सांगा.”

काका खाली मान घालून टाकीचं झाकण फिरवत राहिले. ते केव्हाच घट्ट बसलं होतं.

“माझ्या,” मागच्या सीटवरून मुलगा हळूच म्हणाला.

ड्रायव्हर खो खो हसला. डोळ्यांचं एवढं दुखणं काढूनही पोरगा मिश्कील आहे हो, असं काकांना कौतुकानं सांगून त्यानं पैसे दिले आणि गाडी काढली.

मागची गाडी पुढे आली. काकांनी नोझल उचललं आणि मीटरवर पुन्हा शून्य आलं. ते दाखवायला या वेळी ते वाकले नाहीत.