सहा तासांच्या आत

एका माणसाचा अर्ज भरायला फौजीला एरवी वीस मिनिटं पुरत. आज पाऊण तास झाला तरी पहिलंच पान चाललं होतं. समोरच्याचं नाक गळत होतं, जांभयांवर जांभया येत होत्या, आणि प्रत्येक प्रश्नाला तो आधी शेजारी बसलेल्या बायकोकडे बघत होता.

व्यसनमुक्ती केंद्रातल्या या समुपदेशकाला सगळे फौजीच म्हणत. लष्करी इस्पितळात सतरा वर्षं जखमींची शुश्रूषा करून तो मुदतीआधीच बाहेर पडला आणि या कामाला लागला. का, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. आज मात्र अर्जावर नाव लिहितानाच त्याचा हात अडखळला होता.

"पहिल्यांदा कधी घेतलंत?"

"इस्पितळात, सर. मीही फौजेतलाच. सुरुंग फुटला, मांडीत सात तुकडे घुसले. मॉर्फिन द्यायचे, पण सगळे घड्याळाचे गुलाम. सहा तास झाल्याशिवाय सुईला हात लावायचे नाहीत." तो कसाबसा हसला. "फक्त एक दादा होते. मी ओरडलो की यायचे. म्हणायचे, 'गप रे राजा, हे शेवटचं हं.' अकरा आठवडे टोचलं बिचाऱ्यांनी. देवमाणूस."

"त्या देवमाणसाला मला एकदा घरी न्यायचंय," बायको म्हणाली. आवाज चढला नाही. "रिकामी कपाटं उघडून दाखवायचीत. बापाचा हात लागला की पोरगी कशी अंग चोरते, ते दाखवायचंय."

फौजीला पान उलटता आलं असतं. पुढचा प्रश्न झोपेबद्दल होता. त्याने पेन खाली ठेवलं.

"खिडकीपासून तिसरी खाट तुमची," तो म्हणाला. "टोचणारा मीच होतो."

बायकोने मान वर केली.

"तुम्हाला दुखायचं म्हणून नाही टोचलं," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मला ते ओरडणं ऐकवत नव्हतं. म्हणून."

आता ती मुस्काटात मारेल, म्हणून तो वाट बघत राहिला. तिने मारलं नाही. पण तिच्या नवऱ्याचा चेहरा दिवा लागल्यासारखा उजळला. तो खुर्चीवरून घसरत खाली आला आणि त्याने फौजीचा हात दोन्ही हातांनी धरला.

"दादा! अहो, तुम्ही! मग उठा ना. असेल ना काहीतरी इथे. एकच. आईशप्पथ, हे शेवटचं."

"नाही."

"तुम्ही तेव्हा कधी नाही म्हणाला नव्हतात, दादा."

"नाही," फौजी पुन्हा म्हणाला.

मग तो माणूस ओरडायला लागला. फरशीवर आडवा पडून, गुडघे पोटाशी घेऊन. बारा वर्षांत त्या ओरडण्यात काही बदललं नव्हतं. फौजी ताडकन उठला. डॉक्टरांना बोलवावं, पाणी आणावं, काहीही करावं आणि बाहेर पडावं, असं त्याला झालं.

तो दारापर्यंत पोचायच्या आत बायको तिथे होती. तिने दार लावलं आणि दारालाच पाठ टेकून ती उभी राहिली.

"बसा," ती म्हणाली. "आता ऐका."