हरकत क्रमांक दोनशे बारा

रस्ता रुंदीकरणाच्या हरकतींची पेटी तिने स्वतः उघडली. निनावी हरकत बाद, हा नियमही तिचाच. दोनशे बारावा अर्ज हातात आला आणि अक्षर ओळखीचं निघालं. बाबांचं.

हरकतीचा विषय: घर क्रमांक सात पाडू नये.

कारण: बायकोला हल्ली काही आठवत नाही. पण या घरात तिला न विचारता न्हाणीघर सापडतं. दुसऱ्या घरात सापडणार नाही.

सुनावणीत का मांडली नाही: समोरच्या खुर्चीवर मुलगी होती. चारचौघांत तिला कशाला अडचणीत आणायचं?

नाव व सही: कोरं.

सुनावणीत "कुणाला काही बोलायचंय?" असं तिने तीनदा विचारलं होतं. पहिल्या रांगेतल्या बाबांनी तिन्ही वेळा हसून नकारार्थी मान हलवली होती.

"मॅडम, यावर नाव नाही," कारकून म्हणाला. "बाद करू ना?"

"थांबा, लिहायचं राहिलंय."

तिने त्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, सही केली आणि पेटीची किल्ली त्याच्यापुढे सरकवली.

"साहेबांना सांगा, पुढच्या सुनावणीला त्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला तरी बसवा. मी समोर बसणार आहे, बाबांच्या शेजारी."