दोघींत एक पिपेट

१९७५ साली नव्या दहा-अधिक-दोन पद्धतीतली आमची अकरावीची पहिलीच तुकडी होती, त्यामुळे केमिस्ट्रीत काय वाढून ठेवलंय हे सांगायला पुढच्या वर्गात कोणी नव्हतं. पहिल्याच प्रॅक्टिकलला कळलं, की सोड्याचं द्रावण पिपेटमध्ये, म्हणजे मापाच्या काचेच्या नळीत, खुणेपर्यंत तोंडाने ओढायचं आणि दोघींत पिपेट एकच.

माझी जोडीदार मंदाकिनी पेंडसे मागे सरकली. "उष्टं आमच्याकडे चालत नाही."

मी बौद्ध वस्तीतून आलेली. न चालणारं नेमकं काय, ते मला समजलं.

"मग तूच ओढ," मी म्हटलं. "पण तीन रीडिंगं जुळली नाहीत, तर घाटगे सर दोघींच्याही वहीवर सही करणार नाहीत." सही नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर माझी शिष्यवृत्ती बंद.

तिने दोनदा ओढलं आणि दोनदा तोंडात आलेला सोडा बेसिनमध्ये थुंकला.

"पेंडसे, सोनवणे, चूळ भरायला आलात का?" सर ओरडले. "वीस मिनिटं उरलीत!"

मी पिपेट घेतली, बेताने ओढली आणि वरचं तोंड बोटाने दाबलं. द्रावण बरोबर खुणेवर थांबलं. दोन रीडिंगं झाली. मग विसळायला नळाकडे वळले, तर मंदाकिनीने पिपेट माझ्या हातातून घेतली.

"राहू दे गं, वेळ जाईल. बोट कसं दाबतेस तेवढं दाखव."

तिसरं रीडिंग तिचं. तिन्ही जुळली.

घाटगे सर प्राचार्य होऊन निवृत्त झाले. मी एकतीस वर्षं केमिस्ट्री शिकवली. मंदाकिनीचं शिक्षण लग्नामुळे थांबलं. तिची मुलगी मात्र अकरावी-बारावी माझ्याच घरी राहून, माझ्या हातचं जेवून शिकली.